बैलाच्या नावाचं विद्यापीठ आणि माझा पापिरो

इटलीतल्या पादोवात शिकायला पोचल्यावरचा पहिलाच आठवडा. सिमकार्ड घ्यायला गावात गेलो होतो, दुपारचा एक वाजला असेल, आणि भर रस्त्यात बघतो तर काय, पंचवीसेक वर्षांचा एक पोरगा डायपर घालून उभा. वर काही नाही, डोक्यावर हिरव्या पानांचा मुकुट, अंगाला पीठ आणि अंडी फासलेली, आणि समोर दहा-पंधरा जण बाटली घेऊन ओरडतायत. एक जण मागून येऊन ढुंगणावर लाथ मारून गेला. बाजूला छान साडीबिडी नेसावी तशा नटलेल्या एक बाई उभ्या होत्या, पर्स सावरत, हसत, मोबाईलवर शूटिंग करत. नंतर कळलं ती त्याची आई.

मला वाटलं रॅगिंग. आपल्याकडे १९९९ पासून कायदा आहे त्याविरुद्ध, दरवर्षी आपण आणि आपले बाबा त्या अँटी-रॅगिंगच्या फॉर्मवर सह्या करतो, त्यामुळे माझा हात आपोआप फोनकडे गेला. पण फोनमध्ये सिमच नव्हतं, ते घ्यायलाच तर आलो होतो. आणि शेजारून पोलिसांची गाडी हळूच गेली, आतल्याने काच खाली करून त्या डायपरवाल्याला "ऑगुरी!" म्हटलं. म्हणजे अभिनंदन. म्हटलं, हे प्रकरण आपल्याला वाटतंय तसं नाही.

तो पोरगा अर्ध्या तासापूर्वी पदवीधर झाला होता, बास. पादोवात डिग्री मिळाली की हे असं करतात. इटलीत डिग्रीला लाउरेआ म्हणतात, ते त्या लॉरेलच्या पानांवरूनच, इथे रश्श्यात टाकतात ती पानं, आपल्या तमालपत्राची चुलत बहीण म्हणा. आणि नुसतं बीए-बीएस्सी झालं तरी माणूस 'दोत्तोरे' होतो, पीएचडीची वाट बघावी लागत नाही. हे ऐकून माझ्या मामाने सांगलीत मी डॉक्टर होणार असं सांगायला सुरुवात केली, एका बाईंनी तर आईकडे गुडघेदुखीची चौकशीसुद्धा केली.

तर हे पादोवाचं विद्यापीठ १२२२ सालचं. बोलोन्या या दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठाचे काही विद्यार्थी आणि प्रोफेसर तिथल्या लोकांशी बिनसलं म्हणून उठून इकडे आले आणि यांनी वेगळी चूल मांडली, म्हणजे आपल्याकडे पक्ष फुटतात तसं. सुरुवातीला विद्यार्थीच रेक्टर, म्हणजे कुलगुरू, निवडायचे, मास्तर कोण ठेवायचा हेही तेच ठरवायचे. मेन बिल्डिंगचं नाव 'बो'. बो म्हणजे बैल. त्या जागी पूर्वी बैलाचं चिन्ह असलेली खानावळ होती, ती विद्यापीठाने घेतली, नाव तेच राहिलं. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, योग्य ठिकाणी गेलास. बैलपोळ्याला त्यांनी मला मुद्दाम फोन करून शुभेच्छा दिल्या, पुढे दरवर्षी देत राहिले.

या बैलाच्या पोटात काय काय आहे म्हणून सांगू. गॅलिलिओ इथे १५९२ ते १६१० शिकवत होता आणि म्हातारपणी लिहून गेला की ती अठरा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. पगार पुरायचा नाही म्हणून घरात विद्यार्थी ठेवायचा, पीजी चालवायचा म्हणा ना. मला त्याने शोधलेले गुरूचे चंद्र ऐकून जेवढं भारी वाटलं नव्हतं तेवढं हे ऐकून वाटलं, कारण तेव्हा मी स्वतः खोली शोधत होतो. सव्वादोन लाखांच्या आतलं हे गाव आणि त्यात साठ हजारांच्या वर विद्यार्थी, मग भाडं काय होणार. एका घरमालकाने मला फोनवरच विचारलं, करी बनवणार का? मी प्रामाणिकपणे हो म्हणालो, खोली गेली. २०२३ च्या मे महिन्यात मिलानमध्ये भाड्यांच्या विरोधात पोरांनी युनिव्हर्सिटीसमोर तंबू ठोकले आणि ते लोण मग बऱ्याच शहरांत गेलं, तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. मला शेवटी चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात एक खोली मिळाली. घरात एक पुलियावाला, म्हणजे इटलीच्या टाचेकडचा, आणि एक बेल्लुनोवाली, म्हणजे वरच्या डोंगरांतली. बाथरूमचा नळ गळत होता. तो पुढे येणार आहे गोष्टीत.

असो, बो. आत लाकडी अ‍ॅनाटॉमी थिएटर आहे १५९५ चं, सहा कडी एकावर एक, लंबगोल, एवढंसं की मुलं उभ्याउभ्या कठड्याला चिकटून खाली प्रेताची चिरफाड बघायची. आणि जिन्याशी एलेना कोर्नारो पिस्कोपियाचा पुतळा, जगात पहिल्यांदा डॉक्टरेट मिळवलेली बाई, २५ जून १६७८. तिला खरं तर धर्मशास्त्रात हवी होती, बिशपने नाही म्हटलं, मग तत्त्वज्ञानात दिली. गर्दी एवढी की समारंभ कॅथेड्रलमध्ये हलवावा लागला. तिलाही लॉरेलचा मुकुट घातला होता. डायपर नाही. एवढा फरक.

आता पापिरो. हा शब्द मला त्या पहिल्या दिवशी माहीत नव्हता. त्या पोराच्या हातात, म्हणजे खरं तर समोर खांबाला चिकटवलेला, एक भलामोठा कागद होता, दाराएवढा. वर त्याचं व्यंगचित्र, बहुतेक वेळा कपड्यांशिवाय आणि नको ते अवयव नको तेवढे मोठे. खाली कविता, यमकात. जन्मापासून आजपर्यंतचं सगळं चरित्र, पण फक्त लाजेचं. कुठे नापास झाला, कुठे ओकला, कुठली पोरगी नाही म्हणाली, आईला काय काय थापा मारल्या. हे मित्रांनी लिहायचं, गुपचूप, आणि ज्याची डिग्री त्याने भर चौकात मोठ्याने वाचायचं, आईबाप, आजी, रस्त्याने जाणारे टुरिस्ट यांच्यासमोर. चुकला की घोट. चुकला नाही तरी घोट. मधेमधे सगळे मिळून "दोत्तोरे, दोत्तोरे" असं गाणं म्हणतात, त्याची पुढची ओळ मी इथे लिहू शकत नाही, पण पादोवातली तीन वर्षांची पोरंसुद्धा ती बिनधास्त म्हणतात. पूर्वी म्हणे पापिरो फ्रेशर लोकांना मिळायचा, सीनियर लोकांना दारू पाजली की ते असा एक कागद द्यायचे, की बाबा याला आता छळू नका. अंडी-पिठावर मधूनमधून बंदी येते, दंडाच्या बातम्या येतात, चार दिवस रस्ते स्वच्छ असतात.

आपल्याकडे फिशपॉन्ड असतात तसंच की, असं मला आधी वाटलं. गॅदरिंगला बरणीतून चिठ्ठी काढायची, कुणाला तरी टोमणा, हॉलमध्ये हशा. पण आमच्या सांगलीच्या कॉलेजात फिशपॉन्डमध्ये निम्मी गंमत आणि निम्मा सूड असायचा, आणि लिहिणारा कोण ते कधी कळायचं नाही. इथे लिहिणारे समोरच उभे असतात. हातात बाटली घेऊन.

याच गावात भर चौकात लाज काढायची सवय बरीच जुनी आहे बरं का. पालाझ्झो देल्ला राजोने म्हणून मध्ययुगातलं कोर्ट आहे, वरचा हॉल एवढा मोठा की उलटी टांगलेली बोट वाटावी, खाली आजही मटण, चीज, मासळीची दुकानं. त्या हॉलच्या कोपऱ्यात काळा दगड आहे, नाव 'लाजेचा दगड' म्हणा. कर्ज बुडवलेल्या माणसाला अंगावर फक्त सदरा आणि चड्डी ठेवून त्या दगडावर तीनदा ढुंगण आपटायला लावायचे आणि 'माझं सगळं सोडलं' असं लॅटिनमध्ये म्हणायला लावायचे. मग सुटका, तुरुंग नाही. गावच्या संत अंतोनिओने रदबदली केली म्हणून तुरुंगाऐवजी हे आलं असं सांगतात. इटालियनमध्ये कंगाल झाला याला 'कापडी चड्डीवर राहिला' म्हणतात ते तिथूनच आलं असं गावातले लोक छातीठोकपणे सांगतात. मी तो दगड बघितला तेव्हा मला थेट तो डायपरवाला आठवला. दगडापासून त्याच्या खांबापर्यंत चालत तीन मिनिटंही लागत नाहीत.

त्या खांबाच्या रस्त्याचं नाव विया ओत्तो फेब्राइओ, म्हणजे आठ फेब्रुवारी रस्ता. १८४८ साली त्या दिवशी इथले विद्यार्थी ऑस्ट्रियाच्या सैन्याशी भिडले, आणि समोरच्या पेद्रोक्की कॅफेच्या पांढऱ्या खोलीत भिंतीत गोळी शिरली, ती खूण अजून दाखवतात. कॅफे १८३१ चं. १९१६ पर्यंत रात्रंदिवस उघडं असायचं म्हणून 'दारं नसलेलं कॅफे'. पादोवाची तीन 'नसलेली' प्रसिद्ध आहेत, दारं नसलेलं कॅफे, गवत नसलेलं कुरण आणि नाव नसलेला संत. संत अंतोनिओला कुणी नावाने हाक मारतच नाही, नुसतं 'इल सांतो', आपण कसं 'माउली' म्हटलं की पुढे विचारत नाही, तसं. आणि कुरण म्हणजे प्रातो देल्ला वाल्ले, अठ्ठ्याहत्तर पुतळ्यांनी वेढलेलं अवाढव्य मैदान, गवत आता भरपूर आहे आणि त्यावर पोरं भरपूर. पेद्रोक्कीची हिरवी खोली अशी की तिथे काही ऑर्डर न करता बसता यायचं, कडक्या विद्यार्थ्यांची सोय. मी एकदाच तिथली ती पुदिन्याची कॉफी प्यायलो, वर हिरवट क्रीम, त्यावर कोकोची पावडर, आणि वेटर निक्षून सांगतो की ढवळायचं नाही. आता मी सांगलीचा, चहात साखर ढवळल्याशिवाय घोट घेतलेला नाही आयुष्यात. हात आपोआप चमच्याकडे गेला. वेटरने जे बघितलं माझ्याकडे, ते विसरणार नाही.

बेल्लुनोवालीची डिग्री आली दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये. तिच्याशिवायचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, मला घेतलं, म्हणाले सगळ्यांनी तिच्याबद्दल लिहून पाठवा, यमक आम्ही जुळवतो. मी दोन दिवस विचार केला आणि लिहिलं, ती खूप मेहनती आहे, सगळ्यांना मदत करते, स्वभाव शांत. पुलियावाल्याचा रिप्लाय आला, "ती वारली का?"

खरंच की. दीड वर्ष एका घरात राहिलो आणि मला तिच्याबद्दल श्रद्धांजलीपलीकडे काही सुचेना. मग पुढचे पंधरा दिवस मी नुसता बघत होतो. फ्रिजमध्ये ती प्रत्येक गोष्टीला नावाची पट्टी लावते हे माहीत होतं, पण अर्ध्या लिंबालाही लावते हे तेव्हा दिसलं. राग आला की दुसऱ्यांचे कप घासते. सायकलीचं कुलूप उघडत नसलं की तिच्याशी डोंगरातल्या बोलीत बोलते, आणि कुलूप उघडतं. मी अर्ध्या लिंबाचं पाठवलं. कोपिस्तेरियात, म्हणजे प्रिंटिंगच्या दुकानात, आदल्या दिवशी संध्याकाळी लाइन लागलेली, पुढे-मागे सगळ्यांच्या हातात पेनड्राइव्ह आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर कुणी ना कुणी नागडं. काउंटरवरचे काका चष्मा वर करून शांतपणे विचारत होते, मॅट की ग्लॉसी?

दुसऱ्या दिवशी लिंबाची ओळ वाचताना ती थांबली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि मला एक घोट प्यायला लावला. तसा नियम नाहीये. पण त्या दिवसानंतर ती मला हाक मारताना नाव नीट उच्चारायला लागली, आधी दीड वर्ष काहीतरीच म्हणायची.

बुधवारी संध्याकाळी पिआत्सा देल्ले एर्बेमध्ये, म्हणजे सकाळच्या भाजीबाजारात, पोरांचा स्प्रित्झ, म्हणजे वाइन-सोड्याचं पेय, असतो. सकाळी जिथे कोबी-आर्टिचोक तिथे रात्री नारंगी ग्लास. त्यात घालतात ते अपेरोल नावाचं नारंगी मद्यही याच गावचं, १९१९ पासूनचं. अशाच एका बुधवारी परत येताना माझी सायकल ट्रामच्या रुळात अडकली. पादोवाची ट्राम विचित्र आहे, रबरी टायरवर चालते आणि मधे एकच रूळ, त्या रुळाच्या खाचेत सायकलचं पुढचं चाक बरोब्बर बसतं. मी आडवा. फरचा कोट घातलेल्या एका आजीबाईंनी मला उठवलं, कोपराला स्वतःचा रुमाल बांधला आणि बांधताना पूर्ण वेळ शिव्या दिल्या, ट्रामला की मला ते कळलं नाही. हा रुमालही पुढे येणार आहे.

माझा नंबर आला जुलैमध्ये. एमएस्सीचा थिसिस, विषय नदीचा पूर. २०१९ ला कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं होतं, तेव्हा डोक्यात बसलेला विषय, त्यावर वेगळं कधीतरी लिहीन. वीस मिनिटं बोललो, बाहेर उभं केलं, आत बोलावलं, ११० पैकी १०४ म्हणाले, हात मिळवले, झालं. मी घरच्यांना आधीच सांगितलं होतं की मला तो प्रकार करायचा नाही, माझे कोण जिवलग आहेत इथे. बाहेर आलो तर पुलियावाला दाराशी माझाच प्रेशर कुकर घेऊन उभा.

शर्ट काढला. डोक्यावर मुकुट. गळ्यात कुकरची रिंग दोरीला बांधून. आणि बेल्लुनोवालीने माझा फोन घेऊन सांगलीला व्हिडिओ कॉल लावला, तिथे दुपारचे अडीच-तीन, आई-बाबा, आजी, मामा, सगळे सोफ्यावर ओळीत बसलेले. म्हणजे यांचं आधीच ठरलं होतं. कागदावर मी होतो, अंगावर काही नाही, पुढे कुकर धरलेला (एवढी दया त्यांनी दाखवली, पण कुकरची शिट्टी मुद्दाम चुकीच्या ठिकाणी काढली होती), कोपराला रुमाल. आजी म्हणाली, अगं बाई, हा आपला आहे का?

मी इटालियन वाचायचो, चुकायचो, प्यायचो, आणि आईसाठी लगेच मराठीत सांगायचो. काही मी मराठीतही यमकात बसवलं, उखाण्याच्या घरातला माणूस मी, अंगातच आहे ते.

सांगलीहून आला पाण्याचा अभ्यास करायला,
बाथरूमचा नळ याला येईना बंद करायला.

तीन शिट्ट्या झाल्या की खालची म्हातारी उठते,
तिला वाटतं युद्ध पेटलं, इथे डाळ शिजते.

सोफ्यावर मामा मांडी थोपटत होता. मग एक कडवं आलं जे मी मनात आधी वाचलं आणि थांबलो. लिहिलं होतं की रोज संध्याकाळी सहाला हा फोन घेऊन जिन्यात जाऊन बसतो, भांडल्यासारखा बोलतो तासभर, आणि वर येतो तेव्हा चेहरा धुऊन आलेला असतो, पण जिन्यात तर नळ नाही.

मला वाटायचं कुणाला माहीत नाही. घरात रेंज नीट येत नाही असं मी सगळ्यांना सांगितलेलं.

"काय रे, थांबलास का?" आई म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, सायकलवरून पडलो त्याचं लिहिलंय. इकडे सगळे ओरडत होते "बेवी, बेवी", पी म्हणून, मी प्यायलो. मग "दोत्तोरे, दोत्तोरे" सुरू झालं, आणि मामा तिकडून टाळ्या वाजवत गाण्यात सामील झाला, नको त्या ओळीसकट.

पापिरो घरी आणला, नळीत गुंडाळून. आजीने हट्ट धरला की बघायचाय. मग डायनिंग टेबलवर पसरला आणि चित्राच्या मधोमध कॅलेंडर ठेवलं, आणि कॅलेंडर सरकू नये म्हणून वर मिठाची बरणी. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात माझ्या भाचीने फोनचा कॅमेरा कागदावर धरला, त्यात ते भाषांतर येतं ना. बोलीतल्या ओळींचं काहीच्या काही आलं, कुठे 'भोपळा पाद्री' तर कुठे 'ओलं गाढव', पोरगी हसून लोळायला लागली. पण ते जिन्याचं कडवं बेल्लुनोवालीने लिहिलं होतं, स्वच्छ पुस्तकी इटालियनमध्ये. ते बरोबर आलं. भाचीने मोठ्याने वाचलं.

आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ," ती म्हणाली, "थंडीत साडेदहा." मी म्हटलं हो. तव्यावरची पोळी करपायला लागली होती, ती तिने उलटली, बाजूला काढली, दुसरी टाकली.

मग म्हणाली, "आणि तो नळ? झाला का शेवटी दुरुस्त?"